दोन गुणांचा फरक : अल्झायमरच्या औषधांची आणि पुराव्याची कहाणी

१३ नोव्हेंबर १९८६ रोजी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या अमेरिकी वैद्यकीय साप्ताहिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. कॅलिफोर्नियातील मनोविकारतज्ज्ञ विल्यम समर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्झायमरच्या १७ रुग्णांना टॅक्रीन नावाचे औषध पोटातून दिले होते. त्यांतील एक बाई पुन्हा घरकाम करू लागल्या, एक जण अर्धवेळ नोकरीवर जाऊ लागला आणि एक निवृत्त गृहस्थ रोज गोल्फ खेळू लागले, असे त्या निबंधात लिहिले होते. तोवर या रोगावर खात्रीचे असे एकही औषध नव्हते. त्यामुळे 'हे औषध आम्हालाही द्या' अशी मागणी रुग्णांचे नातेवाईक करू लागले, यात नवल नाही.

त्यानंतर सात वर्षे गेली, तेव्हा टॅक्रीनला सरकारी मान्यता मिळाली. ही दिरंगाई होती की खबरदारी? औषध लागू पडले हे ठरवायचे तरी कसे? अल्झायमरच्या औषधांचा इतिहास हा बऱ्याच अंशी या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास आहे. आपण शिक्षक मंडळी परीक्षा घेतो, गुण देतो, सरासरी काढतो. त्यामुळे हा इतिहास आपल्याला समजायला अवघड जाऊ नये.

रोगाला नाव मिळाले, पण...

२५ नोव्हेंबर १९०१ रोजी जर्मनीतील फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगुस्ट डेटर नावाची ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. तिला आठवत नसे, ती गोंधळून जाई, नवऱ्याबद्दल संशय घेई. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिच्या बारीकसारीक नोंदी ठेवल्या. एप्रिल १९०६ मध्ये ती वारली. तेव्हा अल्झायमर म्युनिकला गेले होते. तिचा मेंदू त्यांनी तिकडे मागवून घेतला. मेंदूचे पातळ काप चांदीच्या क्षारांनी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्यांना दोन गोष्टी दिसल्या : चेतापेशींच्या आत तंतूंचे गुंते आणि पेशींच्या बाहेर कसल्या तरी पदार्थाचे थर. त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्यूबिंगेन येथील सभेत त्यांनी हे निरीक्षण मांडले. १९१० साली एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या रोगाला अल्झायमरचे नाव दिले.

मात्र पुढची पन्नास-साठ वर्षे हा रोग दुर्मिळ समजला गेला. तो तुलनेने तरुण माणसांना होणारा स्मृतिभ्रंश, असे त्याचे वर्णन असे. म्हातारपणी विसर पडणे हे वेगळे, ते वयोमानच. आपल्याकडेही 'साठी बुद्धी नाठी' म्हणून हा विषय मिटवला जाई. १९६८ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी वृद्धांच्या मेंदूंचा अभ्यास केला. ज्यांचा स्मृतिभ्रंश अधिक, त्यांच्या मेंदूत थरही अधिक, असे त्यांना आढळले. १९७६ साली अमेरिकी चेतातज्ज्ञ रॉबर्ट कॅट्झमन यांनी ठामपणे लिहिले की, म्हातारपणचा स्मृतिभ्रंश आणि अल्झायमरचा रोग हे बहुतांशी एकच आहेत. या एका विधानाने दुर्मिळ रोग लाखो लोकांचा रोग ठरला. औषधाचा शोध खऱ्या अर्थाने येथून सुरू झाला.

कमी पडणारे रसायन

त्याच १९७६ मध्ये एडिंबरो येथील पीटर डेव्हिस आणि मॅलोनी यांनी अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत एक विकर फार कमी झाल्याचे दाखवले. ॲसिटिलकोलीन हे रसायन तयार करणारे ते विकर. एका चेतापेशीचा निरोप दुसऱ्या पेशीपर्यंत पोचवण्याचे काम जी रसायने करतात, त्यांपैकी ॲसिटिलकोलीन हे एक.

याला जुळणारा दुसरा पुरावा आधीच हाती होता. धोतऱ्यात स्कोपोलामीन नावाचे द्रव्य असते. ते ॲसिटिलकोलीनच्या कामात अडथळा आणते. १९७४ साली अमेरिकेत ड्रॅकमन आणि लेव्हिट यांनी निरोगी तरुणांना स्कोपोलामीन दिले, तेव्हा त्यांची स्मरणशक्ती काही काळ वृद्धांसारखी झाली. १९८२ साली, मेंदूच्या तळाशी असलेल्या आणि ॲसिटिलकोलीन पुरवणाऱ्या पेशीच या रोगात मोठ्या संख्येने मरतात, असेही दिसून आले. यावरून 'ॲसिटिलकोलीन गृहीतक' मांडले गेले : हे रसायन कमी पडते म्हणून स्मृती जाते, ते वाढवले तर स्मृती सुधारेल.

आशेला आणखी एक कारण होते. कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामीन कमी असते हे १९६० साली समजले होते आणि १९६७ च्या सुमारास लेव्होडोपा देऊन जखडलेले रुग्ण चालू लागले होते. मग येथेही तसेच का होऊ नये?

प्रथम कोलीन आणि लेसिथिन हे कच्चे द्रव्य आहारातून देऊन पाहिले. काही साधले नाही. कारखानाच बंद पडत असेल तर कच्चा माल वाढवून काय होणार? मग दुसरी युक्ती पुढे आली. ॲसिटिलकोलीनचे काम झाले की एक विकर त्याचे तुकडे करते. त्या विकराला रोखले, तर उरलेसुरले ॲसिटिलकोलीन अधिक वेळ टिकेल. शेतात फवारली जाणारी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके हेच विकर बंद पाडतात. म्हणूनच ती माणसालाही विषारी ठरतात. तेव्हा विकर पूर्ण बंद न पाडता बेताने रोखायचे, असे नाजूक काम होते. टॅक्रीन हे असेच विकररोधक. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ऑस्ट्रेलियात एड्रियन अल्बर्ट जंतुनाशके शोधत होते. त्या कामातून ते १९४५ साली तयार झाले होते. चाळीस वर्षांनी समर्स यांनी ते अल्झायमरच्या रुग्णांना दिले.

गुण द्यायचे कसे?

आता आपल्या वर्गाचा विचार करू. समजा, एका शिकवणीमुळे मुलांची गणितात प्रगती होते का, हे तपासायचे आहे. आधी एक परीक्षा घेतली, शिकवणी लावली, पुन्हा परीक्षा घेतली आणि गुण वाढले. शिकवणीचा उपयोग झाला, असे म्हणता येईल का? कदाचित प्रश्नपत्रिका ओळखीची झाल्यामुळे गुण वाढले असतील. कदाचित पहिल्या परीक्षेच्या दिवशी काहींची तब्येत बरी नसेल. कदाचित शिकवणी कोणी लावली हे तपासणाऱ्याला ठाऊक असल्यामुळे त्याचा हात सैल सुटला असेल.

औषधाच्या बाबतीत हे सारे धोके असतात आणि आशेचा धोका त्याहून मोठा. वडील आज नावाने हाक मारतात, म्हणजे गोळीचा गुण आला, असे मुलीला वाटणे किती स्वाभाविक आहे! म्हणून दोन गट पाडायचे, कोण कोणत्या गटात हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचे, एका गटाला औषध आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी नकली गोळी द्यायची. कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही कळू द्यायचे नाही आणि गुण देणाऱ्या डॉक्टरलाही नाही. ही झाली दुहेरी अंध चाचणी.

समर्स यांच्या निबंधातही नकली गोळीचा टप्पा होता. परंतु अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, मूळ कागदपत्रे तपासली तेव्हा नोंदी अपुऱ्या निघाल्या. चाचणी नियमाप्रमाणे अंध राहिली होती का, हे त्यांवरून सिद्ध होत नव्हते. १९९१ च्या आरंभी एफडीएने हा अहवाल त्याच साप्ताहिकात छापला.

दरम्यान परीक्षेची पद्धतही ठरत गेली. १९८४ साली न्यूयॉर्कमध्ये रोझेन, मोस आणि डेव्हिस यांनी एक मापनपद्धती तयार केली होती. तिला आपण येथे 'एडास' म्हणू. तिच्या बौद्धिक भागात शब्द आठवणे, वस्तू ओळखणे, सूचना पाळणे, आकृती काढणे अशा कसोट्या असतात आणि त्यांना ७० गुण असतात. हे गुण चुकांचे असतात. म्हणजे जितके जास्त तितकी स्थिती वाईट. चार गुणांचा फरक पडला तर तो दखल घेण्याजोगा, असा संकेत रूढ झाला. शिवाय १९९० च्या सुमारास एफडीएने दुहेरी अट घातली : केवळ कसोटीतील गुण सुधारून भागणार नाही, रुग्णाला प्रत्यक्ष पाहणाऱ्या डॉक्टरलाही सुधारणा जाणवली पाहिजे. गुणपत्रिका आणि शिक्षकाचे मत, दोन्ही हवे, असाच याचा अर्थ.

टॅक्रीनचा निकाल

१९९२ साली टॅक्रीनच्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. प्रथम ज्यांना औषध मानवते असे दिसले, अशाच २१५ रुग्णांची नंतर दोन गटांत वाटणी केली होती. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांच्या सरासरीत ७० पैकी २.४ गुणांचा फरक पडला. हा फरक निव्वळ योगायोगाचा नव्हता, पण रुग्णांना पाहणाऱ्या डॉक्टरांना तो जाणवण्याइतका मोठा नव्हता. १७ रुग्णांतील घरकाम, नोकरी आणि गोल्फ कोठेच दिसले नाहीत. पुढे ३० आठवड्यांच्या, ६६३ रुग्णांच्या चाचणीत मोठ्या मात्रेने अधिक फायदा दिसला. परंतु त्या गटातील बहुसंख्य रुग्णांना औषध मध्येच सोडावे लागले. अनेकांना मळमळ होई आणि टॅक्रीन घेणाऱ्या जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या रक्तात यकृताला इजा झाल्याच्या खुणा आढळत.

तरीही सप्टेंबर १९९३ मध्ये टॅक्रीनला मान्यता मिळाली. अल्झायमरसाठी मान्यता मिळालेले ते पहिले औषध. आता ते वापरात नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतही ते बंद झाले. टॅक्रीनने दोन गोष्टी मागे ठेवल्या : गृहीतकात तथ्य आहे याचा पुरावा आणि हा परिणाम किती मोठा आहे याचे माप.

त्याच वाटेवरची औषधे

नोव्हेंबर १९९६ मध्ये डोनेपेझिलला मान्यता मिळाली. जपानच्या एसाई कंपनीत हाचिरो सुगिमोतो यांच्या गटाने ते तयार केले. ते यकृताला त्रास देत नाही आणि दिवसातून एकदाच घ्यावे लागते. २००० साली रिव्हास्टिग्मीन आले. त्यामागे जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील मार्टा वाइनस्टॉक यांचे काम होते. २००१ साली गॅलॅन्टामीन आले. हे मुळात स्नोड्रॉप या फुलझाडाच्या कुळातील द्रव्य, बल्गेरियात १९५० च्या दशकाच्या अखेरीस औषध म्हणून पुढे आलेले. २००३ साली अमेरिकेत मान्य झालेले मेमँटीन मात्र निराळे. ते ग्लुटामेट या दुसऱ्या निरोप्या रसायनाच्या मार्गात काम करते आणि मध्यम ते तीव्र अवस्थेत वापरले जाते.

डोनेपेझिलच्या १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या २४ आठवड्यांच्या चाचणीत ४७३ रुग्ण होते. ५ मिलिग्रॅम घेणाऱ्या गटात नकली गोळीच्या तुलनेत सुमारे २.५ आणि १० मिलिग्रॅमच्या गटात सुमारे २.९ गुणांचा फायदा दिसला. म्हणजे औषध सोयीचे झाले, पण फरक पुन्हा दोन-तीन गुणांचाच. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. चाचणीनंतर सर्वांनाच सहा आठवडे नकली गोळी दिली, तेव्हा औषधाचा फायदा निघून गेला. म्हणजे औषध पेशींचे मरण थांबवत नव्हते. उरलेल्या पेशींकडून अधिक काम करून घेत होते.

दोन-तीन गुणांनी माणसाच्या आयुष्यात काय बदलते? ब्रिटनमध्ये ५६५ रुग्णांवर झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीने हाच प्रश्न विचारला. तीन वर्षांत डोनेपेझिल घेणाऱ्यांपैकी ४२ टक्के आणि नकली गोळी घेणाऱ्यांपैकी ४४ टक्के रुग्णांना शुश्रूषागृहात ठेवावे लागले. म्हणजे व्यवहारात फरक जवळजवळ नाहीच. पण २०१२ साली ब्रिटनमधल्याच दुसऱ्या एका चाचणीने वेगळा प्रश्न विचारला : रोग बळावल्यावर चालू औषध बंद करावे का? २९५ रुग्णांच्या त्या चाचणीत औषध चालू ठेवणाऱ्यांना ३० गुणांच्या एका कसोटीत सरासरी १.९ गुण अधिक मिळाले. पुढे त्याच रुग्णांच्या पाठपुराव्यात, औषध थांबवलेल्यांना पहिल्या वर्षात शुश्रूषागृहात हलवण्याची शक्यता वाढल्याचे दिसले. एका चाचणीवरून औषधाला टाकाऊ ठरवणे हेही १७ रुग्णांवरून चमत्कार ठरवण्याइतकेच घाईचे.

मुळावर घाव

पेशी मरतात त्या का? १९८४ साली ग्लेनर आणि वाँग यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांत साठलेल्या पदार्थातील प्रथिनाची रचना उलगडली. ॲमिलॉइड-बीटा नावाचे हे प्रथिन अल्झायमर यांनी पाहिलेल्या थरांतही असते, हे लवकरच स्पष्ट झाले. १९८७ मध्ये त्याच्या मूळ प्रथिनाचे जनुक २१ व्या गुणसूत्रावर सापडले. डाऊन सिंड्रोममध्ये याच गुणसूत्राची तिसरी प्रत असते आणि त्या व्यक्तींना अल्झायमर फार लवकर होतो. १९९१ साली लंडनमध्ये, पिढ्यान्‌पिढ्या हा रोग असलेल्या एका कुटुंबात त्याच जनुकातील बदल आढळला. १९९२ साली हार्डी आणि हिगिन्स यांनी गृहीतक मांडले : ॲमिलॉइड साठणे हे मूळ, बाकी सारे त्याचे परिणाम.

पुरावा भक्कम वाटत होता. १९९९ साली उंदरांना ॲमिलॉइडविरुद्ध लस दिली, तेव्हा थर साठणे थांबले. माणसांवरील चाचणीत मात्र लस दिलेल्या सुमारे ३०० जणांपैकी १८ जणांच्या मेंदूला सूज आली आणि जानेवारी २००२ मध्ये लस देणे थांबवावे लागले. आधीच्या, छोट्या चाचणीत हीच लस घेतलेल्यांपैकी काहींच्या मेंदूची मृत्यूनंतर तपासणी झाली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनी सर्वांना विचारात पाडले. काहींच्या मेंदूतील थर जवळजवळ नाहीसे झाले होते. तरीही मृत्यूपूर्वी त्यांचा स्मृतिभ्रंश तीव्र अवस्थेला पोचला होता.

मग अपयशांची रांगच लागली. ॲमिलॉइड तयार करणारे विकर रोखणाऱ्या सेमागॅसेस्टॅटची चाचणी २०१० मध्ये थांबवली, कारण औषध घेणाऱ्यांची स्थिती नकली गोळी घेणाऱ्यांपेक्षा अधिक बिघडली. बापिन्यूझुमॅब आणि सोलानेझुमॅब या प्रतिपिंडांच्या मोठ्या चाचण्या २०१२ मध्ये निष्फळ ठरल्या. जून २०२१ मध्ये अडुकानुमॅबला एफडीएने त्वरित मान्यता दिली. त्याच्या दोन चाचण्यांपैकी एकीत थोडा फायदा दिसला होता, दुसरीत नाही. सल्लागार तज्ज्ञांपैकी एकानेही बाजूने कौल दिला नव्हता. निर्णयानंतर तिघांनी राजीनामे दिले. मान्यतेचा आधार होता, थर कमी झाले हा. रुग्ण सुधारले हा नव्हे. जानेवारी २०२४ मध्ये कंपनीनेच हे औषध बंद करत असल्याचे जाहीर केले.

२७ टक्के की ०.४५ गुण?

नोव्हेंबर २०२२ मध्ये लेकॅनेमॅब या प्रतिपिंडाचे निष्कर्ष आले. रोगाच्या आरंभीच्या अवस्थेतील १,७९५ रुग्ण, १८ महिने. मोजपट्टी १८ गुणांची, येथेही अधिक गुण म्हणजे अधिक बिघाड. नकली औषधाच्या गटाची स्थिती सरासरी १.६६ गुणांनी बिघडली, लेकॅनेमॅबच्या गटाची १.२१ गुणांनी. फरक ०.४५.

०.४५ भागिले १.६६ केले की सुमारे २७ टक्के येतात. म्हणून 'रोगाचा वेग २७ टक्क्यांनी मंदावला' असेही सांगता येते आणि '१८ पैकी ०.४५ गुणांचा फरक पडला' असेही. दोन्ही विधाने खरी आहेत. ऐकणाऱ्याच्या मनावर त्यांचा परिणाम मात्र अगदी वेगळा होतो. औषधाच्या गटातील १२.६ टक्के जणांच्या मेंदूत सूज दिसली, नकली औषधाच्या गटात १.७ टक्के जणांच्या. बहुतेकांना तिचा त्रास जाणवला नाही, पण काहींच्या बाबतीत ती गंभीर ठरू शकते. शिवाय शिरेतून दर दोन आठवड्यांनी औषध, मेंदूची वारंवार चित्रे आणि अमेरिकेत आरंभी वर्षाला २६,५०० डॉलर अशी किंमत. एक शंका अशीही घेतली जाते : चित्रात सूज दिसली की आपल्याला खरे औषध मिळते आहे हे रुग्णाला ओळखता येते. मग चाचणी कितपत अंध राहिली? १९८६ चा प्रश्न पुन्हा समोर येतो.

तरीही याचे महत्त्व नाकारता येत नाही. ॲमिलॉइड काढले असता रोगाचा उतार थोडा मंदावतो, हे मोठ्या चाचणीत दिसले. जुलै २०२३ मध्ये लेकॅनेमॅबला एफडीएची पूर्ण मान्यता मिळाली. जुलै २०२४ मध्ये डोनानेमॅब हे त्याच प्रकारचे औषध मान्य झाले. गेलेली स्मृती परत आणणारे किंवा रोग थांबवणारे औषध मात्र यांपैकी एकही नाही.

वर्गात काय करता येईल?

भारतात साठी ओलांडलेल्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीवरून केला गेला. त्यांपैकी कोणी आपल्या विद्यार्थ्याचे आजोबा असतील, कोणाची आई असेल. डोनेपेझिल आपल्याकडे अनेक कंपन्या बनवतात. ते काही रुग्णांना काही काळ थोडे सावरते, आणि थोडे सावरणे म्हणजे कधी स्वतःच्या हाताने जेवता येणे असते. पण या औषधासाठी कर्ज काढावे का, नुकतेच निघालेले 'खात्रीचे' औषध परदेशातून मागवावे का, हे प्रश्न ज्या घरात उभे राहतात, त्या घरात आकड्यांचा अर्थ समजणारे एक तरी माणूस असायला हवे. ते माणूस आपल्या वर्गातून जाते.

त्यासाठी एक प्रयोग सुचवतो. वर्गाला २० शब्द एकदा वाचून दाखवा आणि दहा मिनिटांनी आठवतील तेवढे लिहायला सांगा. मग चिठ्ठ्या टाकून वर्गाचे दोन गट करा आणि दोन्ही गटांची सरासरी काढा. कोणालाही काहीही दिलेले नसताना सरासरीत फरक येईल. पाच-पाच मुलांचे गट केले, तर तो बऱ्याचदा मोठा दिसेल. वीस-वीसचे केले तर बहुधा कमी. दुसऱ्या दिवशी तेच शब्द पुन्हा घ्या. बहुतेकांचे गुण वाढलेले असतील. मग मुलांना विचारा : काल सर्वांना एकेक गोळी दिली असती, तर श्रेय कोणाला मिळाले असते?

परीक्षेच्या हंगामात विकली जाणारी 'स्मृतिवर्धके' याच प्रश्नांनी तपासता येतात. गिंको या वनस्पतीच्या अर्काची अशीच ख्याती होती. ३,०६९ वृद्धांना काही वर्षे तो अर्क किंवा नकली गोळी देऊन पाहिले, तेव्हा स्मृतिभ्रंश टळत नाही असे २००८ साली दिसून आले. किती जणांवर प्रयोग केला, तुलना कशाशी केली, गुण देणाऱ्याला ठाऊक होते का, फरक किती गुणांचा आणि तो माणसाच्या दिवसात कोठे दिसतो, एवढे पाच प्रश्न मुलांच्या वहीत उतरले तरी पुष्कळ झाले.